दोन जड न्यूक्लियसचं बॅरियरजवळचं फ्यूजन मॉडेल कसं करायचं: नवख्यांसाठी

या विषयात नवीन आलेले बहुतेक जण एकच करतात, कपल्ड चॅनेल्सचा (न्यूक्लियसच्या आतल्या स्टेट्स टक्करीत गुंतवून करायच्या गणिताचा) तयार कोड डाउनलोड करतात, कुणाची तरी जुनी इनपुट फाइल मागून घेतात, त्यात आपले न्यूक्लियस भरतात आणि रन मारतात. ग्राफ येतो, डेटाच्या आसपास जातो, पोटेन्शियलची खोली जरा इकडेतिकडे केली की डेटावर बसतोसुद्धा. मग कुणीतरी विचारतं की बसला तो कशामुळे बसला, आणि तिथे गाडी अडते. म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. म्हणून इथे उलट्या क्रमाने जाऊ, आधी कागद-पेन्सिल, मग वीस-पंचवीस ओळींचा पायथन, आणि मोठा कोड सगळ्यात शेवटी. क्वांटम मेकॅनिक्सचा एक कोर्स झालेला असला आणि टनेलिंग म्हणजे काय हे माहीत असलं की पुरे.

आधी सिस्टिम नीट निवडा

पहिल्याच दिवशी युरेनियमवर उडी मारू नका. ऑक्सिजन-१६ आणि समेरियम-१४४ घ्या. ऑक्सिजन-१६ दोन्ही बाजूंनी बंद शेलचा, समेरियम-१४४ मध्ये ८२ न्यूट्रॉन म्हणजे तिथेही शेल बंद, त्यामुळे दोघंही जवळपास गोल आणि लो एनर्जीला फार कमी स्टेट्स. शिवाय कॅनबेराच्या ग्रुपने नव्वदच्या दशकात याचा डेटा इतका बारीक मोजलाय की तुमचं मॉडेल कुठे चुकतंय ते लपून राहत नाही. हे जमलं की फक्त टार्गेट बदलून समेरियम-१५४ घ्यायचं, प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन दहा जास्त, पण न्यूक्लियस लांबुळका. या जोडीइतकं चांगलं शिकवणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

बॅरियर हाताने काढा

दोन्ही न्यूक्लियस पॉझिटिव्ह, त्यामुळे एकमेकांना ढकलणार, आणि जवळ आले की न्यूक्लियर आकर्षण ओढणार. या दोघांच्या बेरजेने मध्ये जी टेकडी बनते ती म्हणजे बॅरियर. लांबवर हे ढकलणं म्हणजे १.४४ गुणिले दोघांचे प्रोटॉन, भागिले अंतर, अंतर फर्मीत आणि उत्तर एमईव्हीत. आपल्याकडे ८ गुणिले ६२ म्हणजे ४९६, त्याला १.४४ ने गुणलं की ७१४. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे सारखा लागणारे.

आता नवखा माणूस काय करतो, न्यूक्लियसची त्रिज्या १.२ गुणिले मास नंबरचं घनमूळ असते हे त्याला पाठ असतं, मग दोन त्रिज्यांची बेरीज करतो, ती ९.३ फर्मी येते, ७१४ भागिले ९.३ म्हणजे साधारण ७७ एमईव्ही, आणि म्हणतो हाच बॅरियर. खरा बॅरियर ६१ च्या आसपास आहे! फरक पडतो कारण न्यूक्लियर आकर्षण दोघं एकमेकांना टेकायच्या आधीच सुरू होतं, त्यामुळे टेकडीचा माथा टेकण्याच्या अंतराच्या बराच बाहेर तयार होतो.

आकर्षणासाठी वुड्स-सॅक्सन पोटेन्शियल वापरा, म्हणजे उणे खोली, भागिले (१ अधिक एक्स्पोनेन्शियल ऑफ (अंतर वजा त्रिज्या, भागिले डिफ्यूजनेस)), डिफ्यूजनेस म्हणजे कड किती पसरट आहे ते. उदाहरणाला खोली १०५.१ एमईव्ही, त्रिज्येचा पॅरामीटर १.१ फर्मी (म्हणजे १.१ गुणिले दोन्ही घनमुळांची बेरीज, ८.५४ फर्मी) आणि डिफ्यूजनेस ०.७५ फर्मी. आता अंतर १०.६, १०.८ आणि ११ ठेवून एकूण पोटेन्शियल काढा. मला अनुक्रमे ६१.०७, ६१.२३ आणि ६१.१३ येतं. म्हणजे माथा १०.८ फर्मीवर आणि उंची ६१.२ एमईव्ही. १०.८ वर कूलॉम्ब ६६.१ आहे आणि न्यूक्लियर भाग फक्त उणे ४.९. खोली १०५ दिलीये म्हणून घाबरू नका, माथ्यावर त्या पोटेन्शियलची नुसती शेपटी पोचते, आणि बॅरियर ठरतो तो त्या शेपटीवरच. म्हणूनच खोली, त्रिज्या आणि डिफ्यूजनेसची कितीतरी वेगवेगळी कॉम्बिनेशन्स तोच बॅरियर देतात, हे लक्षात असू द्या, पुढे याच जागी लोक फसतात.

माथ्याची वक्रता पण काढून ठेवा. दुसरं डेरिव्हेटिव्ह साधारण उणे ६.४ येतं, रिड्यूस्ड मास १४.४, त्यावरून एच-कट ओमेगा सुमारे ४.३ एमईव्ही. उंची, त्रिज्या आणि ही वक्रता, एवढ्या तीन आकड्यांवर पहिलं मॉडेल उभं राहतं.

स्वतःची सुरुवातीची व्हॅल्यू लागली तर अक्यूझ-विंथर नावाचं पॅरामीटरायझेशन बहुतेक जण वापरतात, डिफ्यूजनेस त्यात ०.६५ च्या आसपास येतो. प्रॉक्सिमिटी, साओ पाउलो असे इतरही आहेत, पण सुरुवातीला यात वेळ घालवू नका.

वाँगचा फॉर्म्युला

१९७३ मध्ये वाँगने फ्यूजन क्रॉस सेक्शनचा (फ्यूजन व्हायची शक्यता, क्षेत्रफळाच्या मापात) एक सोपा फॉर्म्युला दिला, बॅरियरचा माथा उलट्या पॅराबोलासारखा धरायचा, सगळ्या पार्शियल वेव्ह्जना (अँग्युलर मोमेंटमच्या प्रत्येक किमतीची एक वेव्ह) तोच पॅराबोला नुसता वर सरकवून लावायचा आणि बेरीज करायची. शब्दांत सांगायचं तर, एच-कट ओमेगा गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले दोनदा एनर्जी, आणि हे सगळं गुणिले नॅचरल लॉग ऑफ (१ अधिक एक्स्पोनेन्शियल ऑफ (२ पाय गुणिले एनर्जी वजा बॅरियर, भागिले एच-कट ओमेगा)). उत्तर फर्मी वर्गात येतं, दहाने गुणलं की मिलीबार्न. हा दहाचा गुणक विसरून डोकं धरून बसलेले लोक दर बॅचला असतात.

आपल्या आकड्यांनी ६६ एमईव्हीला सुमारे २६५ मिलीबार्न, बरोबर बॅरियरवर २८ च्या आसपास, आणि ५७ ला ०.०९. नऊ एमईव्हीत तीन हजार पट फरक! म्हणून ग्राफ कायम लॉग स्केलवर काढतात. ६६ चं उत्तर क्लासिकल फॉर्म्युल्याने पडताळा, पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले (१ वजा बॅरियर भागिले एनर्जी), तेही २६५ च देतं. नाही आलं तर पुढे जाऊ नका, आधी युनिट्स शोधा.

एनर्जी नेहमी सेंटर ऑफ मासमधली घ्यायची. एक्सपेरिमेंटवाले बऱ्याचदा लॅब एनर्जी देतात, या सिस्टिमला लॅबचे ६८ म्हणजे सेंटर ऑफ मासमध्ये ६१.२, कारण १४४ भागिले १६० म्हणजे ०.९. सहासात एमईव्हीची ही गफलत झाली तर पुढचं सगळं गणित पाण्यात.

पॅराबोला माथ्याजवळ बरा चालतो, खूप खाली गेलं की नाही, कारण खऱ्या बॅरियरला बाहेरच्या बाजूने कूलॉम्बची लांब शेपटी असते, तो पॅराबोलापेक्षा जाड असतो. म्हणजे तळाशी वाँग खऱ्या सिंगल बॅरियरपेक्षा जास्तच क्रॉस सेक्शन देतो. आणि तरीही मोजलेला डेटा त्याच्याही वर असतो. खरा विषय इथून सुरू होतो.

एकच बॅरियर असतो हे डोक्यातून काढा

१९७८ मध्ये स्टोकस्टॅड आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१६ समेरियमच्या वेगवेगळ्या आयसोटोप्सवर मारून दाखवलं की न्यूक्लियस जसजसा लांबुळका होत जातो तसतसं बॅरियरखालचं फ्यूजन वाढत जातं. १९८० मध्ये बेकरमन आणि मंडळींनी निकेल-निकेलमध्ये आणखी विचित्र गोष्ट पाहिली, निकेल-५८ आणि निकेल-६४ ही मिश्र जोडी बॅरियरच्या खाली दोन्ही सारख्या जोड्यांपेक्षा वेगळ्याच उताराने जाते. एका बॅरियरच्या मॉडेलमध्ये याला जागाच नाही.

समेरियम-१५४ चं गणित हाताने करून बघा, एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात जे कळतं ते कोडचं मॅन्युअल वाचून कळत नाही. त्रिज्या ६.४ फर्मी, बीटा-२ (लांबुळकेपणाचं माप) सुमारे ०.३ धरा. टोकाकडे पृष्ठभाग किती पुढे येतो? बीटा गुणिले ०.६३ गुणिले त्रिज्या, म्हणजे १.२ फर्मी. कमरेकडे ०.६ फर्मी आत जातो. ऑक्सिजन टोकाकडून आला तर त्याला न्यूक्लियर आकर्षण १.२ फर्मी आधीच मिळतं, त्यामुळे बॅरियर साधारण ६० गुणिले १.२ भागिले ११, म्हणजे साडेसहा एमईव्हीने उतरतो. पण थांबा, टोकाकडे चार्जही जवळ आलाय, त्याचं ढकलणं वाढलं, कूलॉम्बचा क्वाड्रुपोल भाग सुमारे अडीच एमईव्ही परत वर उचलतो. निव्वळ उतार चार. कमरेकडून आला तर दोन एमईव्ही चढ. न्यूक्लियर आणि कूलॉम्ब कपलिंगची चिन्हं उलट असतात असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते हेच, आणि यातलं एक विसरलात तर बॅरियरचा पसारा भलताच मोठा येतो.

आता पायथन उघडा. सरासरी बॅरियर ५९.५ धरा, कोनाच्या कोसाइनला एक्स म्हणा, बॅरियर म्हणजे ५९.५ वजा ४ गुणिले (३ एक्स वर्ग वजा १) भागिले २. एक्स शून्यापासून एकपर्यंत समान टप्प्यांनी फिरवा, प्रत्येकाला वाँग लावा, सरासरी काढा. एनर्जी ५६ ठेवली तर गोल न्यूक्लियसच्या जवळपास १५ पट क्रॉस सेक्शन येतं. न्यूक्लियस तोच, सरासरी बॅरियर तोच, नुसता तो पसरलाय. आणि बघा की टोकाकडची दिशा मोजकीच असते, कमरेकडच्या दिशा भरपूर, तरी बॅरियरखाली जवळपास सगळं फ्यूजन त्या मोजक्या दिशांमधूनच होतं, कारण टनेलिंग एक्स्पोनेन्शियल आहे.

दिशेची सरासरी घेणं इथे चालतं कारण समेरियम-१५४ ची पहिली २-प्लस स्टेट (स्पिन २, पॅरिटी पॉझिटिव्ह) फक्त ०.०८२ एमईव्हीला आहे, म्हणजे तो इतका सावकाश फिरतो की टक्कर होईपर्यंत जागचा हललेलाच नसतो. जिथे एक्सायटेशन एनर्जी मोठी, तिथे ही सोय नाही, तिथे कपल्ड चॅनेल्स करावेच लागतात.

आता मोठा कोड

सुरुवातीला सीसीफुल घ्या. हागिनो, राउली आणि क्रुप्पा यांचा फोरट्रान प्रोग्रॅम, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, छोटा आहे, बसून पूर्ण वाचता येतो, आणि हेच त्याचं सगळ्यात मोठं सुख. इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर दुबनाच्या संस्थेची एनआरव्ही ही ऑनलाइन सिस्टिम आहे, ब्राउझरमध्येच कॅल्क्युलेशन होतं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून शिकायला मी सीसीफुलच सांगेन.

तो करतो काय, तर प्रत्येक न्यूक्लियर स्टेट हा एक चॅनेल, सगळ्या चॅनेल्सची श्रोडिंजर समीकरणं एकमेकांत गुंतलेली, ती बाहेर ३० फर्मीपर्यंत ०.०५ फर्मीच्या स्टेपने सोडवायची आणि आत बॅरियरच्या मागच्या खड्ड्यात फक्त आत जाणारी वेव्ह ठेवायची, एकदा आत गेलं की परत नाही, तेच फ्यूजन. अँग्युलर मोमेंटमच्या बाबतीत एक शॉर्टकट घेतलेला असतो, एक्साइट झाल्यावर ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम बदलत नाही असं धरतात. ०-प्लस, २-प्लस, ४-प्लस एवढ्या स्टेट्सना एरवी नऊ चॅनेल्स लागले असते ते तीनवर येतात. जड सिस्टिमला हा शॉर्टकट छान चालतो.

इनपुट भरताना क्रम पाळा. पहिला रन सगळं बंद ठेवून, दोन्ही न्यूक्लियस इनर्ट (एक्साइट न होणारे), आणि उत्तर तुमच्या वाँगशी ताडा, बॅरियरच्या वर जुळलंच पाहिजे. मग समेरियम-१४४ ची ३-मायनस स्टेट घाला, १.८१ एमईव्ही, बीटा (इथे कंपन किती जोरदार त्याचं माप) साधारण ०.२०५. मग २-प्लस, १.६६ एमईव्ही, बीटा ०.११. प्रत्येक वेळी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि ग्राफ एकावर एक टाका, म्हणजे कुठल्या स्टेटने काय केलं ते दिसतं. इथे ३-मायनसच खरा खेळ करते, २-प्लसने फारसा फरक पडत नाही.

ऑक्सिजनची ३-मायनस मात्र ६.१३ एमईव्हीला आहे. बीटा तिचा जबरदस्त, ०.७३, म्हणून लोकांना वाटतं की ही घातलीच पाहिजे. घातली की अख्खा ग्राफ डावीकडे सरकतो पण आकार तोच राहतो. कारण ६.१३ ही एनर्जी बॅरियरच्या एच-कट ओमेगापेक्षा, म्हणजे ४.३ पेक्षा मोठी, म्हणजे हे कंपन टनेलिंगपेक्षा वेगवान, ते क्षणोक्षणी जुळवून घेतं आणि त्याचा परिणाम फक्त पोटेन्शियल बदलल्यासारखा दिसतो. पोटेन्शियल डेटावरून ठरवलं असेल तर हा परिणाम त्यात आधीच आलेला असतो. तेव्हा ती काढून टाका, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

बीटाबद्दल एक जपून. टेबलमधला बीटा बहुतेक वेळा १.२ गुणिले घनमूळ ही त्रिज्या धरून ट्रान्झिशन स्ट्रेंथवरून काढलेला असतो. इनपुटमध्ये कपलिंगची त्रिज्या वेगळी दिलीत, समजा १.०६, आणि बीटा टेबलमधलाच ठेवलात, तर कपलिंग नकळत कमी झालं. क्वाड्रुपोलला बीटा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे १.२ वरून १.०६ वर आलात तर त्याच स्ट्रेंथसाठी बीटा २८ टक्क्यांनी वाढायला हवा. हे इनपुट फाइलवर बघून कळत नाही, कोड एरर देत नाही, ग्राफ पण ठीकठाक दिसतो.

रन झाल्यावर लगेच खूश होऊ नका. स्टेप निम्मी करून बघा, चॅनेल एक वाढवून बघा, उत्तर हलतंय का? रोटर (समेरियम-१५४ सारखा फिरणारा लांबुळका न्यूक्लियस) असेल तर ४-प्लस, ६-प्लस वाढवत जा, हलायचं थांबेपर्यंत. आणि प्रत्येक पार्शियल वेव्हला आत खड्डा शिल्लक आहे ना ते तपासा, अँग्युलर मोमेंटम वाढला की खड्डा भरत जातो आणि एका हद्दीनंतर नाहीसा होतो, तिथून पुढचे आकडे निरर्थक.

बॅरियर डिस्ट्रिब्यूशन: झाकली मूठ उघडते ती इथे

लॉग स्केलवर क्रॉस सेक्शनचा ग्राफ सगळ्यांचाच चांगला दिसतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. १९९१ मध्ये राउली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी सुचवलं की एनर्जी गुणिले क्रॉस सेक्शन याचं एनर्जीनुसार दोनदा डेरिव्हेटिव्ह घ्या, जे येईल ते म्हणजे बॅरियर कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा. समेरियम-१४४ ला एक मोठं शिखर आणि त्याच्या वरच्या बाजूला ६५ च्या आसपास छोटं शिखर दिसतं, ते ३-मायनसचं. समेरियम-१५४ ला रुंद, एका बाजूला झुकलेला ढिगारा, लो एनर्जीकडे शेपटी. टंगस्टन-१८६ पण लांबुळकाच, पण त्याचा बीटा-४ (आकाराचं बीटा-२ नंतरचं बारीक माप) निगेटिव्ह, आणि नकाशाचा आकार लगेच वेगळा! दोन न्यूक्लियसच्या आकारातला एवढा बारीक फरक फ्यूजनमध्ये दिसतो हे मला आजही भारी वाटतं.

तीन बिंदूंचा फरक घेऊन हे काढतात, स्टेप साधारण २ एमईव्ही. एकाच बॅरियरचं शिखरसुद्धा ०.५६ गुणिले एच-कट ओमेगा, म्हणजे २.४ एमईव्ही रुंद असतं, त्यामुळे स्टेप फार बारीक करून हाती काही लागत नाही, एरर मात्र स्टेपच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात फुगते. डेटाला १ टक्का एरर धरा, ६५ एमईव्हीला २०० मिलीबार्न, तर नकाशावर एरर ८० मिलीबार्न प्रति एमईव्ही. ७५ ला ६०० मिलीबार्न असतील तर तीच १ टक्का एरर २७५ वर जाते. म्हणजे वरच्या एनर्जीला दिसणाऱ्या उंचवट्यांवर स्टेट्सच्या गोष्टी रचू नका. आणि थिअरीच्या ग्राफलाही तीच स्टेप लावा जी डेटाला लावलीये, गुळगुळीत डेरिव्हेटिव्ह काढून तुलना करणं म्हणजे भलत्याशी भलतं जुळवणं.

मॉडेल डेटावर बसत नाही तेव्हा

पहिला मोह होतो पोटेन्शियल ओढण्याचा. तो आवरा. बॅरियरच्या वरच्या एनर्जीवर पोटेन्शियल ठरवा, तिथे कपलिंगचा परिणाम कमी असतो, आणि मग त्याला हात लावू नका. खाली जे बसत नाही ते का बसत नाही ते शोधा. एक मात्र आहे की वरच्या डेटावर बसवलं तर डिफ्यूजनेस ०.७५ पासून थेट १.५ पर्यंत मागितला जातो, आणि इलॅस्टिक स्कॅटरिंग मात्र ०.६३ च्या आसपास म्हणतं. हे भांडण जुनं आहे, ते तुमच्या कोडमधला बग नाही.

खूप खाली, म्हणजे मायक्रोबार्न आणि त्याखाली गेलात तर डेटा कपल्ड चॅनेल्सच्याही खाली कोसळतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबच्या ग्रुपने निकेल-६० आणि यिट्रियम-८९ मध्ये हे दाखवलं, हिंडरन्स म्हणतात त्याला. तिथे दोन न्यूक्लियस एकमेकांत शिरायला लागलेले असतात, तेव्हा साध्या वुड्स-सॅक्सनची खोल विहीर खरी राहत नाही. मिशिकू आणि एस्बेन्सन आत रिपल्सिव्ह कोर घालतात, इचिकावा आणि हागिनो कपलिंगच हळूहळू विझवतात, डेटा दोघांनाही बसतो.

न्यूट्रॉन ट्रान्सफरची क्यू-व्हॅल्यू (त्यात सुटणारी एनर्जी) पॉझिटिव्ह असेल तर तिकडे बघा. निकेल-६४ कडून निकेल-५८ ला दोन न्यूट्रॉन गेले तर सुमारे ३.९ एमईव्ही सुटतात, बेकरमनच्या त्या मिश्र जोडीचं गूढ बरंचसं इथे आहे. सीसीफुलमध्ये पेअर ट्रान्सफरचा एक चॅनेल आहे, पण त्याची स्ट्रेंथ हा मोकळा पॅरामीटर, म्हणजे काहीही बसवता येतं. सगळी इनइलॅस्टिक कपलिंग्ज संपल्याशिवाय ती शून्यच ठेवा.

प्रोटॉनच्या संख्यांचा गुणाकार १६०० च्या पुढे गेला की हे मॉडेल फ्यूजन देतच नाही, कॅप्चर देतं. दोघं चिकटले तरी एक होण्याआधी क्वासी-फिशनने फुटू शकतात, त्याची शक्यता वेगळी मोजावी लागते. बेरिलियम-९ सारखा सैल बांधलेला प्रोजेक्टाइल असेल तर तो आधीच तुटतो, लेड-२०८ वर पूर्ण फ्यूजन बॅरियरच्या वरसुद्धा अपेक्षेपेक्षा ३० टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. आणि डेटामध्ये फिशन धरलंय का तेही बघून घ्या, ऑक्सिजन आणि लेडमध्ये नुसते इव्हॅपोरेशन रेसिड्यू (फ्यूजननंतर न्यूट्रॉन वगैरे उडून उरलेले जड न्यूक्लियस) मोजले तर बरंचसं फ्यूजन बाहेरच राहतं.

समेरियमची जोडी झाली की पुढे कॅल्शियम-४० घ्या, एकदा झिर्कोनियम-९० वर आणि एकदा झिर्कोनियम-९६ वर. पहिल्यात न्यूट्रॉन ट्रान्सफरच्या क्यू-व्हॅल्यू निगेटिव्ह, दुसऱ्यात पॉझिटिव्ह. दोघांनाही पोटेन्शियल एकाच पद्धतीने द्या, २-प्लस आणि ३-मायनस घाला, ट्रान्सफर बंद ठेवा, आणि झिर्कोनियम-९६ चा डेटा तुमच्या ग्राफच्या वर कुठल्या एनर्जीपासून सुटायला लागतो ते बघा.